बरकत, ब्याण्णव किलो

कारखान्यात किस्से कोणी बनवत नाही हो, ते भंगारासारखे आपोआप साठतात. कोपऱ्यात पडून असतात, आणि एखाद दिवशी कोणीतरी त्यातला एक उचलून आणतो. परवा चहाला बसलो होतो, तर तिघं जण मिळून मलाच माझे किस्से ऐकवत होते. तेही वाढवून! मग म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं. हसायचं तर खुशाल हसा. या सगळ्या किश्शांत मूर्ख एकच आहे, तो मी. शेवटच्या दोन-तीनांत मात्र नुसता मूर्ख म्हणून माझी सुटका होत नाही.

मी मुळे. देवासचा. आमचे आजोबा देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या दफ्तरात होते, हे आमच्या घरात अजून पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. मी डिस्पॅचला. आमचा कारखाना मका दळायच्या चक्क्या बनवतो. ओतीव भाग धारहून येतात, जुळणी इथे होते, आणि लाकडी खोक्यांत बसून चक्क्या जातात थेट मोझांबिकला. तिथे पोर्तुगीज चालतं. आणि इथूनच माझी दुर्दशा सुरू होते.

* * *

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोझांबिकची पहिली ऑर्डर आली, तेव्हा आमचे मालक महेश भिया (भैयाला आमच्याकडे भिया म्हणतात) ऑफिसात आले आणि म्हणाले, "पोर्तुगीज किसको आती है?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अकाउंट्सचा एक जण म्हणाला, "मुळे साहेब गोवा में रहे हैं ना!"

राहिलो होतो. तरुणपणी दोन वर्षं, पाण्याचे पंप विकत. गोव्यात माझा पोर्तुगीजशी संबंध आला तो एका जुन्या घराच्या पाटीपुरता. ती पाटीही मला वाचता आली नव्हती. 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण साठी जवळ आली होती, महेश भिया रिटायरमेंटचा विषय दोनदा काढून गेले होते, आणि सगळे माझ्याकडे आशेनं बघत होते.

मी म्हटलं, "थोडंफार."

बस! तेवढ्या एका शब्दावर मला एक्स्टेन्शन मिळालं. आजपर्यंत मी त्या 'थोडंफार'ची भाकरी खातोय.

* * *

आमच्या गिऱ्हाईक म्हणजे डोना सेलेस्ते. डोना म्हणजे बाईसाहेब. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, गावोगाव चक्क्या बसवून देण्याचा धंदा. त्यांचा एक भाचा आहे, त्याला इंग्रजी येतं. पहिल्या कॉलवर त्यानं बाईंची पद्धत समजावून सांगितली. प्रत्येक खोकं व्हिडिओवर त्यांच्यासमोर काट्यावर चढणार. त्या विचारणार, "क्वांतु पेझा?", म्हणजे वजन किती? आपल्या माणसानं तोंडानं, पोर्तुगीजमध्ये वजन सांगायचं, आणि त्या ते वहीत लिहून घेणार. भाचा म्हणाला, "छापलेल्या आकड्यानं मावशीला एकदा फसवलंय. आता ती माणसाचा आवाज ऐकते. खोटं बोलणारा अडखळतो म्हणते."

त्याच संध्याकाळी मी एक कोरी डायरी विकत आणली.

मग सुरू झाला अभ्यास. फोनवरून ऐकून एक ते दोनशे आकडे मी देवनागरीत डायरीत उतरवले. ब्याण्णव किलो म्हणजे नोव्हेंता इ दोइश किलुश. साडेब्याण्णव असेल तर शेवटी 'इ मेयु'. पेझु ब्रूतु म्हणजे खोक्यासकट वजन, पेझु लीकिदु म्हणजे नुसत्या मालाचं. बास. पाणी कसं मागायचं ते नाही, नमस्कार नाही, काही नाही. नुसती वजनं!

पाठांतर घरीदारी चालायचं. आमच्याकडे माझी मोठी बहीण असते, अक्का. शाळेत मास्तरीण होती, रिटायर झाली पण मास्तरीणपण सुटलं नाही. तिच्यासोबत भाजीला गेलो आणि भेंडीवाल्याला तंद्रीत म्हणालो, "मेयु किलु."

भेंडीवाला अक्काला म्हणाला, "बाई, बाऊजी की तबियत तो ठीक है?"

अक्का म्हणाली, "तबियत ठीक है भिया, अकल का देख लो." आणि घरी येताना मला म्हणाली, "येत नाही म्हणायला एवढं जड का जातं रे तुला? माझ्या वर्गात ज्याला येत नसे तो तास संपेपर्यंत बाकावर उभा राही. येत नसताना हात वर करणारा मात्र वर्षभर उभा राही."

मी भेंडीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

* * *

आता काट्यावरच्या माणसाची ओळख करून देतो. रतन. धारपुढच्या नालछ्याचा. आधी धारच्या मंडीत तुलावटी होता, म्हणजे धान्य तोलणारा. आमच्याकडे ठेक्यावर होता. जुन्या लोखंडी काट्याची दांडी तो बोटाच्या टोकानं अशी हलवायचा की एका झोक्यात वजन ठरायचं. मग वजन हिंदीत ओरडायचा, आणि मी डायरीत बघून ते पोर्तुगीजमध्ये ओरडायचो.

पण मंडीच्या तुलावट्याची एक रीत असते. मोजताना पहिल्याला तो 'एक' म्हणत नाही. 'बरकत' म्हणतो. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात ना, तसंच. एक म्हटलं की माल एकावरच अडतो म्हणे. त्यामुळे पहिलं खोकं चढलं की रतन खच्चून ओरडणार, "बरकत!" मग वजन. मग "दो!", मग वजन.

वजनाच्या पहिल्याच कॉलवर डोना सेलेस्तेंनी पेन थांबवलं आणि विचारलं, "उ की ए बरकत?"

बरकत म्हणजे काय, असं त्या विचारत होत्या. हे मला आज कळतं. तेव्हा बाईंनी काही विचारलं की उत्तर वजनच असणार, एवढंच मला ठाऊक! मी छाती काढून म्हणालो, "नोव्हेंता इ दोइश किलुश!"

बाईंनी लिहून घेतलं. आठवड्यानं त्यांच्याकडून यादी आली. पहिली ओळ: बरकत, ब्याण्णव किलो. खाली २, ३, ४, क्रमानं. एक नंबरचं खोकं मोझांबिकात नाहीच. महेश भियांनी यादी वाचून मला विचारलं, "ये बरकत कौन है?"

मी म्हटलं, "पोर्तुगीज पद्धत है."

* * *

याच ऑर्डरचा पुढचा घोटाळा. सगळ्या मालाचं वजन झालं अकराशे पन्नास किलो. मी आपल्या सवयीनं कागदावर आकडा टाकला, एकानंतर स्वल्पविराम, मग एकशे पन्नास. आता तिकडे स्वल्पविराम असतो दशांश चिन्हाच्या जागी! म्हणजे त्यांच्या हिशेबानं बारा चक्क्या मिळून वजन झालं एक किलो दीडशे ग्रॅम.

बाईंनी व्हिडिओ लावला. एका हातात माझा कागद, दुसऱ्या हातात साखरेचा पुडा. कागद दाखवला, पुडा दाखवला, आणि तोललेल्या हातांनी काहीतरी विचारलं.

'नाही' म्हटलं तर पुढे बोलावं लागेल. 'हो' म्हटलं की विषय संपतो. मी हसून म्हणालो, "सीं, सीं!"

म्हणजे हो, हो!

दुसऱ्या दिवशी भाच्याचा इंग्रजीत फोन. "मावशी विचारते, चक्क्या कागदाच्या आहेत का?"

* * *

साठ आणि सत्तर या दोन आकड्यांनी मला फार छळलंय. सेसेंता आणि सेतेंता. कुठला कुठला, मला आजही डायरी उघडावी लागते. एका दुपारी डायरी ऑफिसात राहिली. खोकं होतं सदुसष्ट किलोचं आणि मी ठोकून दिलं सत्त्याहत्तर.

मागून खोकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं, तर रतन दांडीकडे बघत, ओठ न हलवता म्हणतोय, "सेसेंता, भिया. सेसेंता."

मी आकडा दुरुस्त केला. कॉल संपल्यावर त्याला बाजूला घेतलं. "तुझे कैसे आता है रे?"

"सुन-सुन के आ गया, भिया."

मग माझ्या लक्षात आलं. वजनं झाली की मी कागद भरायला आत जायचो, फोन तसाच खोक्यावर उभा असायचा. मागे रतन आणि डोना सेलेस्ते यांची शाळा भरायची! हा डब्यातली मक्याची रोटी दाखवणार, बाई तिचं नाव सांगणार. बाई आपली मक्याची घट्ट कांजी दाखवणार, हा तिचं नाव घोकणार. चुकला की बाई खदाखदा हसायच्या, आणि हाही हसायचा. मला वाटायचं, टाइमपास करतोय. तीन वर्षांत त्याला पाऊसपाणी, मुलंबाळं, दुखणंखुपणं सगळं बोलता यायला लागलं होतं. अशुद्ध असेल, पण बोलत होता. आणि मी बंद दाराआड, शुद्ध उच्चारात, वजनं.

त्या दिवसापासून रतन कुजबुजायचा आणि मी ओरडायचो. त्यानं कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

* * *

आमच्याकडे दसऱ्याला काट्याची पूजा असते. हळदकुंकू, झेंडू, पेढे. गेल्या दसऱ्याला पूजा झाल्यावर महेश भियांनी अचानक शाल आणि नारळ मागवला. "अपने पोर्तुगीज के पंडित, मुळे साहेब!"

टाळ्या. मी शालीखाली नुसता घामाघूम. एवढ्यावर भागलं असतं, पण भिया म्हणाले, "साहेब, दो शब्द पोर्तुगीज में हो जाएं!"

पन्नास माणसं, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. काय बोलणार? मी डोळे मिटले, हात जोडले, आणि आदल्या आठवड्यात गेलेल्या मालाची वजनं म्हणायला लागलो. पण काय म्हणालो! पहिल्या खोक्याला आवाज खर्जात, चौथ्याला थोडा चढवला, सातव्यापाशी गळा दाटून आल्यासारखं केलं, शेवटच्या 'इ मेयु'ला हात छातीवर ठेवला. लोक भारावले. पॅकिंगच्या एका बाईंनी तर डोळे पुसले!

सगळ्यात जोरात टाळ्या रतन वाजवत होता. पेढा द्यायला जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भिया, आठवां डब्बा छूट गया."

हा किस्सा सांगितला की सगळे लोळून हसतात. मीही हसतो. पण ती शाल मी आजवर खांद्यावर घेतलेली नाही. ती ज्याची होती तो माझ्यासमोर उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि नुसतं त्याचं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. नाही घेतलं. लाज वाटते सांगायला.

* * *

दिवाळीनंतर नवा काटा आला. डिजिटल. खोकं ठेवलं की लाल आकडे, बटण दाबलं की चिठ्ठी. दांडी नाही, झोका नाही.

महेश भियांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "साहेब, वजन मशीन बताएगी, बोलेंगे आप. फिर रतन का क्या काम? आप कहो तो रख लेते हैं."

आप कहो तो! एवढं माझ्या शब्दावर आलं होतं. 'भिया, पोर्तुगीज त्याला येतं, मला येत नाही', एवढं एक वाक्य. ते बोललो असतो तर रतन राहिला असता आणि बहुधा मी घरी गेलो असतो. मी खिडकीबाहेर बघितलं. खाली तो नवा काटा आपल्याच रुमालानं पुसत होता.

मी म्हटलं, "जैसा आप ठीक समझो."

रतन महिनाअखेर गेला. जाताना माझ्या पाया पडला. माझी डायरी घेऊन त्यानं साठ आणि सत्तरच्या खाली पेन्सिलीनं रेघा मारून दिल्या, परत घोळ होऊ नये म्हणून. घरी येऊन मी जेवलो नाही. अक्कानं विचारलं, तर पोट बिघडलंय म्हटलं. तिला खरं वाटलं नाही, पण तिनं ताक करून दिलं.

* * *

आता शेवटचा.

पुढच्या ऑर्डरचं लोडिंग. दुपारचा कॉल. महेश भिया स्वतः हजर, नवा काटा दाखवायची हौस. खोकं चढलं, लाल आकडे लागले, ब्याण्णव. "बरकत" कोणी ओरडलं नाही. डोना सेलेस्ते फोनमध्ये इकडे-तिकडे बघायला लागल्या, माझ्या खांद्यामागे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "ओंदे श्ता बरकत?"

मी लगेच म्हणालो, "नोव्हेंता इ दोइश किलुश!"

बाईंनी परत विचारलं. हळू, एकेक शब्द तोडून.

मी परत सांगितलं. मोठ्यानं, हसून.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. थोड्या वेळानं भाचा स्क्रीनवर आला आणि महेश भियांना इंग्रजीत म्हणाला, "मावशी विचारतेय, बरकत कुठे आहे? ते काट्यावरचे गृहस्थ. त्यांचं नाव बरकत ना? ते बरे आहेत ना? आणि हे साहेब त्यांचं वजन का सांगतायत? त्यांनी स्वतः वजन सांगितल्याशिवाय ती लिहून घेणार नाही."

भियांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भियांनी गाडी काढली आणि मला शेजारी बसवलं. इंदूर गेलं, धार गेलं. धारच्या पुढे म्हणाले, "मुळे साहेब, एक बात सच्ची बताओ. पोर्तुगीज आती है आपको?"

आणि काय सांगू तुम्हाला! तिथेसुद्धा, त्या गाडीतसुद्धा, माझ्या तोंडून निघालं, "थोडी-बहुत."

रतन नालछ्याच्या बाहेर, मांडूच्या रस्त्यावर सापडला. गोरखचिंचांचा ढीग लावून बसला होता. मांडूला मिळतात त्या, नारळाएवढ्या, वरून मखमली. समोर हातकाटा. आम्हाला बघून झटकन उठला, गोणपाट झटकून पसरला. "आओ भिया, बैठो. पानी पियो पेले." एका अक्षरानं तक्रार नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भियांनी फोन लावला. डोना सेलेस्ते दिसल्या, रतन दिसताच "बरकत!" करून ओरडल्या, आणि मग ढिगाकडे लक्ष जाताच त्याहून मोठ्यानं, "मलांबे!" त्यांच्याकडेही हेच झाड! फोन उचलून त्या धावत अंगणात गेल्या आणि झाड दाखवलं, तसंच जाडजूड. मग दोघांचं जे सुरू झालं! रतन बोलतोय, बाई बोलतायत, मध्येच हसतायत. महेश भिया तोंड उघडं टाकून ऐकतायत. मधूनच एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

तेवढ्यात रतननं ढिगातली एक गोरखचिंच उचलून माझ्या हातात दिली आणि फोन माझ्याकडे वळवला. बाईंनी चष्मा नीट केला. "क्वांतु पेझा?"

माझं तोंड आपोआप उघडलं. "नोव्हें..."

तिथेच अडकलो. हातात चिंच. काटा जमिनीवर. महेश भिया बघतायत, बाई बघतायत.

रतन माझ्या कानाशी वाकला, काट्यावर कुजबुजायचा तसाच. "भिया, जो अपने को नी आए, उसका भी उनके यां एक बोल है. मैंने तो सबसे पेले वोई सीखा था. नांउ सेई. मने, मेरे को नी पता."

चार वर्षांत माझ्या डायरीत तो बोल नव्हता.

मी चिंच खाली ठेवली. महेश भियांकडे एकदा बघितलं, मग फोनकडे.

"नांउ सेई," मी म्हटलं.

डोना सेलेस्तेंनी पेनाचं टोपण काढलं, वही उघडली, आणि लिहून घेतलं.